दोघांचं भांडण, तिसरीचा लाभ?

मागच्या भागात आपण गटाच्या हिशेबवहीबद्दल बोललो होतो. आजचा विषय टीव्हीचा आहे. मालिकेत काय चाललंय ते सांगणार नाही, ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत! पण ती मालिका आपल्या घरात आणून सोडणारे केबलवाले आणि डिशवाले यांच्यात चढाओढ कशी चालते आणि तिचे पैसे कुणाच्या पदरातून जातात, ते आज बघू या.

हा विषय सुचला तो एका बैठकीत. एप्रिल महिना होता. ऊसतोडीला गेलेली घरं नुकतीच गावात परतली होती. एका गटात चार जणींचा हप्ता थकला. कधी न थकणाऱ्या बाया. कारण विचारलं तर कुणी बोलेना. शेवटी एक मावशी म्हणाल्या, "ताई, टीव्हीत गेले."

झालं होतं असं. गणपतीच्या आधी डिशचा एक एजंट गावात आला होता. छत्री, बॉक्स आणि बसवणावळ मिळून १,८०० रुपये, वर सहा महिने फुकट, असं त्याने सांगितलं. अकरा जणींनी घेतलं. त्यातल्या सात जणींनी त्यासाठी गटातून अंतर्गत कर्ज काढलं. दसऱ्यानंतर चार घरांना कुलूप लागलं, माणसं कारखान्यावर गेली. फुकटचे महिने कुलूपबंद घरातच संपले. परत येऊन टीव्ही लावला, तर पडद्यावर पाटी: रिचार्ज करा. रिचार्ज ३४० रुपयांचा. पोरांनी हट्ट धरला, रिचार्ज मारला आणि गटाचा हप्ता मागे राहिला. १,८०० रुपयांच्या कर्जाचे हप्ते तर चालूच होते.

इथे एक कबूल करायला हवं. त्या एजंटाला बैठकीत बोलायला वेळ आम्हीच दिला होता. "स्वस्त पडतंय, घ्या," हेही आमच्याच तोंडून गेलं होतं. सहा महिन्यांनंतर काय, हे आम्ही त्याला विचारलं नाही. चूक आमची होती. म्हणून मग हा सगळा व्यवहार आम्ही मुळापासून समजून घेतला. जे कळलं ते सांगतो.

चित्र घरात येतं कुठून?

भाजी शेतातून आपल्या ताटात येताना मध्ये आडत्या असतो, दुकानदार असतो. टीव्हीचंही तसंच आहे.

पहिला आहे वाहिनी चालवणारा. मालिका, बातम्या, क्रिकेट तो तयार करतो किंवा विकत घेतो आणि उपग्रहावर पाठवतो. दुसरा आहे वितरक. तो अनेक वाहिन्या एकत्र करून गावोगाव पोचवतो. मोठी केबल कंपनी हा एक वितरक, डिशची कंपनी हा दुसरा. केबलमध्ये आणखी एक तिसरा माणूस लागतो, तो म्हणजे आपल्या गावचा केबलवाला. खांबावरून वायर ओढणारा, महिन्याला पैसे न्यायला येणारा.

डिशला हा मधला माणूस लागत नाही. उपग्रहाकडून थेट आपल्या पत्र्यावरच्या छत्रीत. म्हणून वाडी-वस्तीवर, तांड्यावर, डोंगरातल्या पाच-पंधरा घरांनाही डिश मिळते. तिथवर वायर ओढणं केबलवाल्याला परवडत नाही.

दोन्हींचे गुणदोष वेगळे आहेत. डिशची छत्री लहान असते आणि ज्या लहरी ती पकडते त्या जोराच्या पावसात अडतात. म्हणून ढग फुटल्यासारखा पाऊस आला की पडदा काळा होतो, पाऊस ओसरला की चित्र परत येतं. केबल कंपनीच्या छत्र्या मोठ्या असतात आणि वेगळ्या लहरींवर चालतात, त्यामुळे पावसाचा त्रास कमी. पण केबलची वायर लांबून येते. वाटेत कुठे वायर तुटली, माकडांनी ओढली किंवा मधल्या यंत्राची लाईट गेली, तर आपल्या घरात लाईट असूनही टीव्ही बंद. तेव्हा "अमकंच चांगलं" असं सांगणारा आपला माल विकायला आलाय, एवढं समजावं.

ही चढाओढ सुरू झाली कशी?

आपल्यातल्या मोठ्या बायांना दूरदर्शनचे दिवस आठवत असतील. गावात एक टीव्ही आणि त्याच्यापुढे सगळं गाव. १९९१ च्या आखाती युद्धाच्या सुमाराला शहरांत परदेशी वाहिन्या केबलने दिसू लागल्या. २ ऑक्टोबर १९९२ ला झी टीव्ही सुरू झाला. १९९९ मध्ये अल्फा मराठी आली, तीच आजची झी मराठी. केबलचा धंदा इतका वाढला की सरकारला १९९५ मध्ये त्यासाठी कायदा करावा लागला.

त्या काळात गावात किंवा गल्लीत एकच केबलवाला असायचा. तो सांगेल तो दर, तो दाखवेल ती वाहिनी. घरोघरी बॉक्स नव्हते, त्यामुळे वायर किती घरांत गेली हे त्याच्याशिवाय कुणालाच कळत नसे. वर कनेक्शनं कमी दाखवायची आणि पैसे जास्त घरांकडून घ्यायचे, ही वाहिनीवाल्यांची नेहमीची तक्रार होती.

२००३ मध्ये डिश टीव्ही आली. २००६ मध्ये टाटा स्काय आली, तिचंच नाव आता टाटा प्ले. पाठोपाठ सन डायरेक्ट, रिलायन्सची बिग टीव्ही, एअरटेल, व्हिडिओकॉन. बघता बघता सहा खासगी डिश कंपन्या बाजारात उतरल्या आणि केबलवाल्याला पहिल्यांदा स्पर्धक मिळाला. छत्री-बॉक्स स्वस्त होत गेले. तक्रार केल्यावर "बघू उद्या" म्हणणारा केबलवाला त्याच दिवशी शिडी घेऊन येऊ लागला. हा लाभ खरा होता आणि तो चढाओढीमुळेच मिळाला.

मग सरकारने केबललाही बॉक्स सक्तीचा केला. आधी २०१२ मध्ये मुंबईसारखी महानगरं, मग मोठी शहरं आणि शेवटच्या टप्प्यात आपली गावं. गावांसाठी मुदत होती ३१ मार्च २०१७. आता प्रत्येक कनेक्शनची नोंद होऊ लागली. चित्र स्वच्छ झालं, वाहिन्या वाढल्या. पण आपल्या घरातही एक बॉक्स आला आणि पुढची सगळी गोष्ट त्या बॉक्सभोवती फिरते.

आत येणं सोपं, बाहेर पडणं महाग

मोबाइलचं कार्ड बदललं तर फोन तोच राहतो. नंबरही तोच ठेवता येतो. टीव्हीचं तसं नाही. एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीला चालत नाही. केबल सोडून डिश घेतली, तर केबलचा बॉक्स घरात धूळ खात पडतो. एक डिश सोडून दुसरी घेतली, तरी बॉक्स नवा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, ज्याला ट्राय म्हणतात, एप्रिल २०२० मध्ये सरकारला शिफारस केली होती की कोणताही बॉक्स कोणत्याही कंपनीला चालेल असा असावा. पण अजूनही आपल्या गावात बॉक्स त्याच्या त्याच्या कंपनीशीच बांधलेला आहे.

कंपन्यांना हे पक्कं ठाऊक आहे. म्हणून सगळी सवलत कनेक्शन घेण्याच्या दिवशी असते. त्या दिवशी दोघेही आपल्या दारात वाकून उभे असतात. एकदा बॉक्स भिंतीवर बसला की वाकायची गरज संपते. आमच्या त्या गावात एजंट आला त्या महिन्यात केबलवाल्यानेही आपला दर पन्नास रुपयांनी उतरवला होता. ज्यांना डिशकडे जायचं होतं ते गेले, उरलेले राहिले. दोन महिन्यांनी ते पन्नास रुपये परत चढले.

वर्षभराचं एकदम भरण्याचंही असंच. "वर्षाचे भरा, एक-दोन महिने फुकट," असं सांगतात. बाराही महिने जे गावात राहतात त्यांना ते परवडेल. पण आपल्या पट्ट्यातली किती घरं चार-सहा महिने बंद असतात! उचल घेतली की माणूस मुकादमाशी बांधला जातो, हे आपल्याला चांगलं माहीत आहे. इथे तर उलटंच आहे. पैसे आपण आधी दिले आणि बांधलेही आपणच गेलो. मधेच सेवा बिघडली, दर वाढला, वाहिनी गेली, तरी भरलेले पैसे अडकलेत म्हणून गप्प बसायचं.

आता डिश कंपन्याही सहा उरल्या नाहीत. बिग टीव्ही बंद पडली. व्हिडिओकॉनची डिश २०१८ मध्ये डिश टीव्हीत विलीन झाली. आज पैसे घेणाऱ्या खासगी डिश कंपन्या चारच आहेत. बाजारात विकणारे कमी झाले की भाव करायची आपली जागाही कमी होते.

बिल वाचायला शिकू या

१ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायचे नवे दरनियम लागू झाले. त्याआधी पॅकमध्ये काय कोंबायचं ते कंपनी ठरवायची. नव्या नियमाने सांगितलं की ग्राहकाला प्रत्येक वाहिनी सुटी निवडता आली पाहिजे आणि तिची किंमत जाहीर असली पाहिजे. तेव्हापासून बिलाचे तीन भाग झाले.

पहिला भाग म्हणजे नेटवर्क फी, बिलावर तिला एनसीएफ म्हणतात. ही वाहिनीची किंमत नाही, वाहिन्या घरापर्यंत आणून देण्याची हमाली आहे. २०१९ मध्ये १०० साध्या वाहिन्यांसाठी ती जास्तीत जास्त १३० रुपये ठरवली होती. २०२० मध्ये त्याच १३० रुपयांत २०० वाहिन्या द्याव्यात असं ठरलं. घरात दुसरा टीव्ही असेल तर त्याला या फीच्या ४० टक्क्यांहून जास्त घ्यायची नाही, हेही तेव्हाच ठरलं.

दुसरा भाग म्हणजे पैसे लागणाऱ्या वाहिन्या किंवा त्यांचा पॅक. तिसरा भाग म्हणजे १८ टक्के जीएसटी.

समजा, नेटवर्क फी १३० आणि तुम्ही निवडलेला पॅक १०० रुपयांचा. झाले २३०. त्यावर जीएसटी ४१ रुपये ४० पैसे. एकूण २७१ रुपये ४० पैसे. जाहिरातीत मात्र "फक्त १०० रुपयांत पॅक" एवढंच मोठ्या अक्षरात असतं. फसवणूक म्हणावी तर १०० रुपयांचा पॅक खराच असतो. हमाली आणि कर तेवढा सांगायचा राहतो.

या पैशांची वाटणीही समजून घ्या. केबलमध्ये वेगळा करार नसेल तर नेटवर्क फीचे ५५ टक्के मोठ्या केबल कंपनीला आणि ४५ टक्के गावच्या केबलवाल्याला, असा नियम झाला. म्हणजे १३० मधले साडेअठ्ठावन्न रुपये त्याचे. त्यात वायर, शिडी, पोरांचा पगार. पूर्वी सगळे पैसे त्याच्या हातातून वर जायचे, आता त्याचा वाटा बांधला गेला. "ताई, मला काही उरत नाही," असं तो म्हणतो तेव्हा ते अगदीच खोटं नसतं. पण दर वाढण्याचं कारण आपल्याला समजलं, म्हणून तो मुकाट्याने द्यावाच असं नाही.

आता सुट्या वाहिनीचं बघा. नियम चांगला होता, पण वाहिनीवाल्यांनी त्यातून वाट काढली. आवडती वाहिनी सुटी घेतली तर महाग आणि आणखी आठ-दहा वाहिन्यांच्या गाठोड्यात घेतली तर स्वस्त. साहजिकच सगळे गाठोडं घेतात. त्यातल्या निम्म्या वाहिन्या आपण कधी लावतही नाही. ट्रायने यावर पुन्हा पुन्हा बंधनं घातली, कंपन्या कोर्टात गेल्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये ठरलं की ज्या वाहिनीची सुटी किंमत १९ रुपयांपर्यंत आहे तीच गाठोड्यात टाकता येईल आणि गाठोड्यावरची सूट ४५ टक्क्यांपर्यंतच देता येईल.

त्यानंतर जुलै २०२४ मध्ये आणखी एक बदल झाला. नेटवर्क फीवरची १३० रुपयांची मर्यादा ट्रायने काढून टाकली. आता ही फी कंपनीने स्वतः ठरवायची आणि जाहीर करायची. विचार असा, की चढाओढ आहे, तर कंपन्या आपणहून दर कमी ठेवतील. ज्या गावात ग्राहक सहज इकडून तिकडे जाऊ शकतो तिथे कदाचित ठेवतीलही. आमच्या पट्ट्यासारख्या ठिकाणी मात्र आपल्यालाच विचारत राहावं लागेल. "१३० च्या वर घेता येत नाही" असं आता केबलवाल्याला सांगू नका, तो नियम उरलेला नाही. "तुमचा जाहीर दर किती, तो दाखवा," असं विचारा.

वरच्यांच्या भांडणात खालचा अंधार

चढाओढ फक्त केबल आणि डिश यांच्यात नाही. वाहिनीवाले आणि वितरक यांच्यातही ओढाताण असते. फेब्रुवारी २०२३ मध्ये वाहिन्यांच्या नव्या किमती आल्या. डिश कंपन्यांनी त्या मान्य केल्या. अनेक मोठ्या केबल कंपन्यांनी नवे करार करायला नकार दिला. तेव्हा स्टार, झी आणि सोनी यांनी त्या केबल कंपन्यांकडे जाणाऱ्या आपल्या वाहिन्या बंद केल्या. केबल कंपन्यांच्या संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे साडेचार कोटी घरांना त्याचा फटका बसला. काही दिवसांनी समझोता झाला आणि वाहिन्या परत आल्या.

या भांडणात कोण बरोबर, कोण चूक, हे बाजूला ठेवू. केबल कंपन्या म्हणत होत्या, ग्राहकावर बोजा पडेल म्हणून आम्ही अडलो. वाहिनीवाले म्हणत होते, कित्येक वर्षं दर वाढलेले नाहीत. ज्या बाईने महिन्याचे पैसे आधीच मोजले होते तिला मात्र कुणीच विचारलं नाही. आणि मिटल्यावर तिच्या पदरात काय पडलं? वाहिनी परत आली, नव्या दराने.

फुकट खरंच फुकट असतं का?

सरकारची डिश आहे, डीडी फ्री डिश. २००४ च्या डिसेंबरमध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने ती सुरू झाली. एकदा छत्री आणि बॉक्स विकत घेतला की महिन्याचा खर्च शून्य, रिचार्ज नाही. सह्याद्री वाहिनी दिसते, बातम्या दिसतात, जुने सिनेमे दिसतात. जी घरं वर्षातले सहा महिने बंद असतात, त्यांच्यासाठी ही सोय फार मोलाची आहे. कुलूप लावून गेलं तरी काही वाया जात नाही.

तिच्या मर्यादाही आहेत. चालू असलेल्या मोठ्या मराठी मालिका तिच्यावर बहुधा मिळत नाहीत. शिवाय तिथल्या वाहिन्याही आत-बाहेर करतात. खासगी वाहिन्यांना तिथे जागा लिलावात घ्यावी लागते. १ मार्च २०१९ ला मोठ्या कंपन्यांनी आपल्या हिंदी मनोरंजन वाहिन्या फ्री डिशवरून काढून घेतल्या. २०२० मध्ये त्या परत आल्या आणि १ एप्रिल २०२२ पासून पुन्हा गेल्या. फुकट दाखवून जाहिरातीतून जास्त मिळतं की पैसे घेऊन जास्त मिळतं, या हिशेबावर हे सगळं चालतं.

आणि आता तिसरा गडी मैदानात आहे, तो म्हणजे मोबाइल. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झालं आणि उसाच्या फडात, कोपीवरसुद्धा मालिका मोबाइलवर बघता येऊ लागली. २०२३ ची आयपीएल तर मोबाइलवर फुकट दाखवली गेली. पैसे भरणारे डिशचे ग्राहक देशात २०२० च्या शेवटी सात कोटींच्या आसपास होते. ते आता सहा कोटींच्या खाली आले आहेत. केबलवालेही आता वायरवरून इंटरनेट विकू लागलेत. ग्राहक कमी झाले की योजना घेऊन एजंट जास्त फिरतात. म्हणून पुढच्या काळात असे एजंट आपल्या दारी आणखी येतील असं धरून चालू या.

आम्ही गटात काय केलं

आधी एक साधी गोष्ट केली. बैठकीत प्रत्येकीने मागच्या आठवड्यात घरात खरोखर लावलेल्या वाहिन्या कागदावर लिहिल्या. सासऱ्यांच्या बातम्या, पोरांची कार्टून, मालकांचं क्रिकेट, आपली मालिका, सगळं धरून. बहुतेकींची यादी आठ-दहाच्या पुढे गेली नाही. ३४० रुपयांच्या पॅकमध्ये त्यांच्याकडे कितीतरी जास्त वाहिन्या होत्या. दोन घरांत तर पुरुषमंडळी म्हणाली, "क्रिकेटची वाहिनी काढली तरी चालेल, आम्ही मोबाइलवर बघतो." हे आधी कुणी विचारलंच नव्हतं. पॅक निवडायचं काम घरातल्या एकाच माणसावर न सोडता सगळ्यांनी बसून केलं तर पैसे वाचतात, हे त्या दिवशी कळलं.

मग चौघींना घेऊन आम्ही कंपनीच्या मोफत नंबरवर फोन लावला. फुकटचे गेलेले महिने परत मिळाले नाहीत. "गावाला जाण्याआधी सेवा थांबवण्याची विनंती करायला हवी होती," असं उत्तर आलं. ऐकून वाईट वाटलं, पण अशी विनंती करता येते, हे तरी समजलं. चौघींपैकी एकीने लहान पॅक घेतला, तो २१० रुपयांना पडतो. दोघींनी फ्री डिश घेतली. त्यांची छत्री तीच राहिली, फक्त तोंड दुसऱ्या उपग्रहाकडे वळवून घेतलं. बॉक्स मात्र नवा घ्यावा लागला. चौथ्या मावशींनी टीव्हीच बंद ठेवलाय. त्यांचा बॉक्स अजून फडक्यात गुंडाळून फळीवर आहे आणि गटाचं कर्ज फेडेपर्यंत तो खाली काढायचा नाही, असं त्यांनी घरात सांगितलंय. थकलेले हप्ते आषाढापर्यंत फिटले.

केबलवाल्याकडेही गेलो. एकटी नाही, नऊ जणी. दर कमी करायला तो तयार झाला नाही. पण दोन गोष्टी त्याने मान्य केल्या. पैसे घेताना पावती देणार आणि आधी सांगून कुलूप लावलं तर बंद घराचे पैसे घेणार नाही. नऊ घरं एकदम डिशकडे जाऊ शकतात, हे त्याला आमच्या तिथे जाण्यातूनच कळलं होतं. आम्हाला धमकी द्यावी लागली नाही.

हे पाच प्रश्न वहीत लिहून घ्या

केबल असो, डिश असो, एजंट दारात आला की पैसे देण्याआधी हे विचारा.

१. आज किती द्यायचे आणि योजना संपल्यावर दर महिन्याला किती? नेटवर्क फी आणि जीएसटी धरून एकच आकडा सांगा.

२. बॉक्स विकत आहे की भाड्याने? बिघडला तर दुरुस्ती कोण करणार? कनेक्शन सोडलं तर बॉक्सचं काय आणि अनामत भरली असेल तर तिचं काय?

३. घर चार-सहा महिने बंद असेल तर सेवा थांबवता येते का? कशी, आणि पुन्हा चालू करायला किती लागतात?

४. आमच्या यादीतल्या वाहिन्या यात आहेत का? "सगळं दिसतं" हे उत्तर घेऊ नका. यादी हातात द्या, एकेका नावावर खूण करून घ्या.

५. तक्रार कुठे करायची? मोफत नंबर लिहून घ्या. कनेक्शनचा जो अर्ज भरला त्याची प्रत आणि पैशांची पावती मागा, तो आपला हक्क आहे. तक्रार केली की तक्रार क्रमांक विचारा. तो नसेल तर तक्रार केल्याचा पुरावाच राहत नाही.

कंपनीने ऐकलं नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. त्यावर मराठीत बोलता येतं. बोलताना पावती आणि तक्रार क्रमांक जवळ ठेवा.

आणि एक नियम आम्ही आमच्यासाठी केलाय. गटाच्या बैठकीत कुठल्याही एजंटाला यापुढे थेट बोलायला वेळ द्यायचा नाही. आधी त्याने या पाच प्रश्नांची उत्तरं लिहून द्यायची, ती बैठकीत वाचली जातील, आणि निर्णय पुढच्या बैठकीत. "योजना आजच संपते" असं तो म्हणाला, तर संपू द्यायची. पंधरा दिवसांनी दुसरी येतेच.

दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ, अशी म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. केबल आणि डिशच्या भांडणात आपल्याला लाभ झाला नाही असं नाही. पण जिला उठून दुसरीकडे जाता येतं, तिलाच तो मिळतो. बॉक्स भाड्याने की विकत, वर्षाचे भरायचे की महिन्याचे, हे ठरवताना एवढंच बघा, की उद्या जावंसं वाटलं तर आपला पाय मोकळा आहे का.

तुमच्या गटात हे पाच प्रश्न वाचून दाखवा आणि तुमच्या गावात केबलचा, डिशचा दर किती आहे ते आमच्या केंद्रावर कळवा. गावोगावचे दर एकमेकींना कळले, तर पुढच्या वेळी भाव करणं सोपं जाईल. दसऱ्याला जाणाऱ्या बायांनी घराला कुलूप लावण्याआधी एक फोन करायला विसरू नका.